पडद्याआड तिसरं माणूस

आमच्या पिंपळगाव राजात बाईला सोनाराच्या दुकानात एकटीला पाठवत नाहीत. सासू, नणंद, गेलाबाजार शेजारीण तरी सोबत असते. दवाखान्यात मात्र ती तपासणीच्या पडद्याआड एकटी जाते आणि सोबतचं माणूस बाहेरच्या बाकड्यावर मोबाइल चाळत बसतं. डॉक्टरसाहेब देवमाणूस! देवापुढे साक्षीदार कशाला?

नागपूरचं प्रकरण आठवतंय का? जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या एका समुपदेशकावर मुलींच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार पंधराएक वर्षं, आणि मुली पन्नासच्या आसपास. मनाचं दुखणं घेऊन, अभ्यासाची भीती घेऊन त्या गेल्या होत्या. खरं-खोटं कोर्ट ठरवेल. पण पुढं येऊन बोलायला त्यातल्या कितीतरी तयार नव्हत्या, कारण आता लग्नं झालीत, घरी काय सांगणार?

आणि गावातल्या ओट्यावरचा पहिला सवाल ठरलेला: "तिची मर्जी असंल, नाहीतर पुन्हा पुन्हा कशाला गेली?"

या सवालाचं उत्तर कायद्याला विदर्भानंच शिकवलं, तेही फार मोठी किंमत मोजून. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये पोलिसांना सोडलं. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं, बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या बदलात पोलिसांच्या जोडीला रुग्णालयाचे कर्मचारी आणि व्यवस्थापनही आलं, हे ओट्यावर कुणाला ठाऊक नसतं. आज भारतीय न्याय संहितेचं कलम ६८ सांगतं की अधिकाराचा किंवा विश्वासाच्या नात्याचा गैरफायदा घेऊन बाईला शरीरसंबंधासाठी भुलवलं, तर तो बलात्कार ठरला नाही तरी ५ ते १० वर्षं शिक्षा. म्हणजे "ती राजी होती" एवढं म्हणून डॉक्टरसाहेबांना हात झटकता येत नाहीत.

डॉक्टरकीचे स्वतःचे नियमही आहेत. २००२ च्या आचारसंहितेत रुग्णाशी गैरवर्तन हा शिस्तभंग आहे. तक्रार करायची ती महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. ते मुंबईत. नांदुऱ्याहून गाडी धरा, पाचशे किलोमीटरच्या आसपास. पोचल्यावर कळणार की आपला डॉक्टर आयुर्वेदाचा, त्याची कौन्सिल वेगळी. होमिओपॅथीवाल्याची तिसरी. नुसता समुपदेशक असेल तर तो यातल्या एकीच्याही अखत्यारीत नाही. बाईनं आधी भिंतीवरची डिग्री वाचावी, मग रडावं, असा एकूण हिशेब.

तपासणीच्या वेळी पडद्याआड तिसरं माणूस असावं, असा विषय काढला की काही डॉक्टर चिडतात. ही विलायती थेरं म्हणे! चरकसंहिता उघडा. विमानस्थानात शिष्याला बजावलंय की रोग्याच्या घरात शिरायचं ते ओळखीच्या, आत जायची मुभा असलेल्या माणसासोबतच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला जे कळलं, ते साहेबांना अपमानास्पद वाटतं. खरं तर सरळ डॉक्टरला या तिसऱ्या माणसाचा फायदाच आहे. खोटा आळ आला तर साक्ष कोण देणार, टेबलावरचा स्टेथोस्कोप?

राज्याच्या शुश्रूषागृह नियमांत २०२१ पासून रुग्णहक्कांची सनद आहे. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल तर तिथं दुसरी स्त्री हवी, असं त्यात आहे, आणि सनद दवाखान्यात दिसेल अशी लावायची आहे. तुमच्या दवाखान्यात दिसली? दरपत्रक मात्र नक्की दिसलं असेल.

तेव्हा पुढच्या वेळी लेकीला, सुनेला घेऊन गेलात की बाकड्यावर बसू नका. "नर्सताईंना आत बोलवा, नाहीतर आमची बाई आत येईल," एवढं म्हणा. चांगला डॉक्टर लगेच बोलावेल. कपाळाला आठी पडली, तर चपला घाला आणि खामगावचा रस्ता धरा. तिथं डॉक्टर पुष्कळ आहेत.