निवृत्त मालक

नाशिकच्या भांडी बाजारात दुकानाचा मालक कोण हे पाटीवरून कळत नाही, जीएसटीच्या सर्टिफिकेटवरून तर मुळीच नाही. गिऱ्हाइकाने ‘शेवटचं काय ते बोला’ म्हटलं की दुकानातले नोकर ज्याच्या तोंडाकडे बघतात, तो मालक. आमच्या ओळखीच्या एका दुकानात नोकर गेली वीस-बावीस वर्षं ज्या गृहस्थांकडे बघताहेत, ते निवृत्त आहेत.

अण्णा 2003च्या सिंहस्थानंतर निवृत्त झाले. पेढे वाटले, गल्ल्याची किल्ली देवापुढे ठेवून मुलाच्या हातात दिली, ‘आता तुमचं तुम्ही बघा’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला, घरी बसून करायचं काय, म्हणून सहज दुकानात आले. ते अजून सहजच येतात. पूर्वी गल्ल्यामागे बसायचे, आता गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसतात. तिथून गल्ला, वजनकाटा, दार आणि समोरचा चहावाला एका नजरेत येतो. गल्ल्यामागून चहावाला दिसत नसे. थोडक्यात, निवृत्तीने त्यांची बढती झाली.

मुलाचं वय 58. दुकानात त्याला बाळ म्हणतात. बँकेतही बाळच म्हणतात.

‘सगळं दिलं की त्याला!’ असं अण्णा कोणालाही सांगतात, आणि ते खोटं नाही. किल्ली दिली. उधारीची वही तेवढी दिली नाही, कारण ‘माझं अक्षर त्याला लागायचं नाही.’ तांबटांचे हिशेब दिले नाहीत, कारण ते कधी कुठे लिहिलेलेच नव्हते. भवानीचे पैसे आधी अण्णांच्या हातात जातात, ते कपाळाला लावतात, मग ते गल्ल्यात पडतात. आणि चेकवर सही दोघांची लागते.

या सहीने मध्यंतरी मोठा घोळ घातला. खातं 1974चं. तेव्हाची अण्णांची सही म्हणजे नागमोडी, खाली दोन रेघा, रेघांखाली दोन टिंबं. चौऱ्याऐंशीच्या हाताला ते वळण येईना. चेक ‘सही जुळत नाही’ असा शेरा घेऊन परत यायला लागले. सहीचा नवा नमुना द्या, असं बँकेने सुचवलं, तर अण्णा म्हणाले, “सही बदलायला मी काय लग्न होऊन सासरी चाललोय?” मग रोजमेळाच्या मागच्या कोऱ्या पानांवर सराव सुरू झाला. कपाळाला आठ्या, जीभ दातांत धरलेली, आणि समोर 1974च्या सहीचा नमुना. स्वतःचीच सही गिरवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. पुढे चेक वटू लागले. बाळ शाळेत असल्यापासून प्रगतिपुस्तकावर अण्णांची हुबेहूब सही करत असे, असं पेठेत बोलतात. खरं-खोटं गोदामाई जाणे.

आता अण्णा नुसतीच जागा अडवून बसलेत असं कोणाला वाटेल, तर तेही बरोबर नाही. गोदेला पाणी चढलं की पहिलं सराफ बाजारात आणि भांडी बाजारात शिरतं, आणि ते कधी शिरणार हे अण्णांइतकं कोणाला कळत नाही. बाळ मोबाइल बघून सांगतो, गंगापूर धरणातून अमुक इतके क्युसेक सोडले. अण्णांचं माप गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की खालच्या फळीवरचा माल वर, छातीला लागलं की वह्या घेऊन घर. 1969च्या पुरात वडिलांबरोबर त्यांनी रात्रभर हंडे वर चढवले होते. 2016च्या ऑगस्टमध्ये बाळ क्युसेकचं गणित करत बसला आणि तेवढ्यात पाणी उंबऱ्यावर आलं. पितळेला चिखल लागला. चिंच लावून घासलं, पुन्हा लखलखीत. नॉनस्टिकच्या खोक्यांचा मात्र लगदा झाला. तव्याला काही झालं नव्हतं, पण खोक्याशिवाय नॉनस्टिक तवा लग्नात कोण देतो? ते तवे पुढे वर्षभर मूळ भावाच्या निम्म्याने जात होते, आणि प्रत्येक तवा गेला की अण्णा नुसतं “मारुती” म्हणायचे.

हा नॉनस्टिकचा तवा दुकानात आला कसा, हे सांगायला हवं, कारण या घराण्याची सगळी प्रगती तशीच झाली आहे. अण्णांचे वडील पितळेचे. स्टील म्हणजे दवाखान्याची भांडी, असं त्यांचं मत. 1972 साली ते काशीला गेले. महिना-दीड महिन्याने गंगेचा गडू घेऊन परतले, तर दर्शनी फळीवर स्टीलचे डबे आणि ताटं. आठ दिवस अण्णांशी बोलले नाहीत. दिवाळीला गिऱ्हाइकांना सांगत होते, “पेठेत पहिलं स्टील आम्ही आणलं.” पुढे अण्णांनीही नॉनस्टिकला दारात उभं केलं नाही. मग त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर दुकानात आले, तर अख्खी भिंत काळ्या तव्यांची. “डोळे हे बघायला उघडले का?” म्हणाले. आज तेच बायकांना बजावतात, “ताई, लाकडी उलथनंच वापरा हो,” आणि ते अशा थाटात, की उलथन्याचा शोध त्यांचाच. लोक पिढीजात धंद्यात दूरदृष्टी वगैरे शोधतात. या दुकानात मला तरी यात्रा आणि ऑपरेशनंच सापडली.

वाद झाला की बाळ मोठी उदाहरणं देतो. “किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. सायकलीच विकत बसले असते तर?” अण्णा शांतपणे म्हणतात, “त्यांना तिथल्या नगरपालिकेनं जागेवरून उठवलं, म्हणून माळावर गेले आणि किर्लोस्करवाडी झाली. आपल्याला कोण उठवतंय?” अण्णांच्या भात्यात कॅम्लिन. दांडेकरांनी 1931 साली सुरू केलेली कंपनी, 2011 साली मोठा हिस्सा जपानच्या कोकुयोकडे गेला. त्या बातमीचं कात्रण गल्ल्यावरच्या काचेखाली आहे. “बघ, लक्ष ठेवलं नाही की जपानी येतो.” बाळ म्हणतो, भांडी बाजारात जपानी आला तर आधी पार्किंगला जागा शोधेल आणि तसाच परत जाईल.

जपानी आला नाही, नात आली. नातू हिंजवडीला नोकरी करतो. त्याला दुकानातलं विचाराल तर शटर किती वाजता उघडतं एवढंच सांगेल. नात एम.कॉम. होऊन जीएसटीची रिटर्नं भरायला म्हणून आली आणि हळूहळू खरेदीही बघायला लागली. बाळ म्हणाला, “तिचं उद्या लग्न होईल.” वकिलांनी सांगितलं, 2005च्या दुरुस्तीनंतर एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचा जन्मापासून मुलाइतकाच हक्क. अण्णा म्हणाले, “हक्काचं राहू द्या. तिला मोडीचा भाव पाठ आहे, ते बघा.”

खरा तंटा पोटमाळ्यावरून पेटला. वर पन्नास वर्षांचं न विकलेलं पितळ पडलेलं. ठोक्याची घंगाळं, बंब, हंडे, कळशा. बाळला ते किलोवर मोडीत घालून जागा मोकळी करायची होती. नात म्हणाली, कल्हई आणि पॉलिश करून पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्यांना विकू, मोडीच्या चौपट येतील, शिवाय 2027चा सिंहस्थ तोंडावर आहे. तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. कोणाच्या तरी दिवाणखान्यात घंगाळ, घंगाळात मनीप्लांट. अण्णा बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिले. ज्यात उटण्याच्या आंघोळीचं पाणी असायचं त्यात वेल! मग म्हणाले, “किती घेतले?” तिने आकडा सांगितला. अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि आकडा पुन्हा विचारला.

बाळ ठाम राहिला. मोडवाल्याला सोमवार दिलेला होता. दुकानाचा मालक मी आहे की नाही, असंही तो म्हणाला, आणि सवयीने अण्णांकडे बघितलं. अण्णा काही बोलले नाहीत. शनिवारी सकाळी चहा पिताना त्यांनी जाहीर केलं, की बरीच वर्षं मनात आहे, काशी करून यावी म्हणतो. गुडघे दुखत असताना? हो, गुडघे दुखताहेत म्हणूनच. तिकिटं उद्याचीच काढा.

नातीने तिकिटं काढली. संध्याकाळी दुकान बंद करताना अण्णांनी तिला बाजूला घेतलं, उधारीची वही तिच्या हातात दिली आणि हळूच विचारलं, “कल्हईवाला कळवणहून येतो ना? पंधरा दिवसांत होईल?”

“होईल. पण अण्णा, बाबा?”

“त्याला बरोबर नेतो,” अण्णा म्हणाले. “बॅगा कोण उचलणार?”