चार-तीनचा कायदा

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात घालविलेल्या मनुष्याने निवृत्तीनंतर वैनगंगेच्या काठाने फिरून यावे, भजनाला पेटी धरावी आणि सातबाऱ्याच्या भानगडीत न विचारता सल्ला द्यावा, अशी वडशाची, म्हणजे सरकारी दप्तरातील देसाईगंजाची, सर्वमान्य वहिवाट असताना मी उतारवयात विलायती कॉर्डशास्त्र शिकावयास बसलो, याची सर्व जबाबदारी झाडीपट्टी रंगभूमीवर आहे. दिवाळी उलटून गावोगाव मंडया आणि शंकरपट सुरू झाले, की आमच्या वडशाच्या नाटक कंपन्या होळीपर्यंत रात्रीमागून रात्री जागवीत असतात. आणि पहाटेपर्यंत बसावयाच्या तयारीने, कांबळे घेऊन आलेल्या त्या प्रेक्षकाला नाट्यपद जितके लागते तितकेच नवे सिनेमाचे गाणेही लागते. ‘सैराट’च्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन भलामोठा वाद्यवृंद बसविला, तोच गदारोळ आमच्याकडे रंगमंचापुढे बसलेला एकटा पोरगा कॅसिओवर दोन हातांनी उठवितो. त्यातला उजवा हात काय करतो हे मला समजत होते. डावा काय करतो, हे मात्र कोडे होते. कारण माझा स्वतःचा डावा हात पेटीचा भाता हाकण्याच्या कामगिरीवर आजन्म तैनात, आणि वीज आल्यामुळे ती जागा रद्द होऊन मोकळा झालेला हात दुसऱ्या कामी लावता येतो, हा विचारच मला कधी शिवला नव्हता.

हा पोरगाच पुढे माझा गुरू झाला. वयाने तो माझ्या धाकट्या चिरंजीवाएवढा, आणि रोवणी आटोपल्यापासून हंगाम सुरू होईपर्यंत रिकामा. “काकाजी, सा वर बोट ठेवा,” त्याने पहिले फर्मान काढले, “तिथून चार पट्ट्या मोजा, मंग तीन. काऱ्या-पांढऱ्या साऱ्याच मोजाच्या.” पांढरी एकचा षड्ज धरून मी मोजणी केली, तो सा, ग आणि प हे तिघे एका टेबलावर हजर झाले. हा मेजर. हीच मोजणी उलटी करून आधी तीन व मग चार धरले, तर गांधार कोमल होऊन मायनर सिद्ध होतो, आणि त्याच्याकडे मुख्यत्वे नायिकेला रडविण्याचे खाते असते.

कायदा समजला, की अंमलबजावणीचे पाहावे, हा आमच्या खात्याचा शिरस्ता. गुरूने चारच कॉर्ड मुक्रर करून दिले: सा-ग-प, म-ध-सा, प-नि-रे आणि मायनरपैकी ध-सा-ग. एवढ्या तुटपुंज्या आस्थापनेवर गाण्यांचा जिल्हा चालतो कसा, या शंकेने मला रात्री झोप येईना, म्हणून मी आखीव वहीत तक्ता मांडला. तेव्हा दिसले, की पहिल्या तीन कॉर्डांतच सातही शुद्ध स्वरांची जमाबंदी पुरी होते, एकही स्वर बेवारस राहत नाही. मग रीत सोपी आहे: ओळ ज्या स्वरावर विसावेल, तो ज्या कॉर्डाच्या हद्दीत असेल त्या कॉर्डाने हजर व्हावे. पंचाईत होते ती हद्दी एकमेकींत शिरतात तेथे. ओळ गांधारावर थांबली, तर तिच्यावर सा-ग-पचाही अधिकार आणि ध-सा-गचाही, अशा वेळी कोणाकडे प्रकरण वर्ग करावे असे विचारता गुरू म्हणाला, “हिरोईन हासत असन त पयला, रडत असन त दुसरा.” इतका निःसंदिग्ध हुकूम माझ्या अख्ख्या नोकरीत एकाही वरिष्ठाने मला दिला नव्हता.

माझ्यातला जुना श्रोता मात्र हरकती दाखल करीतच होता. मालकंसात ऋषभ-पंचमांना मुळीच प्रवेश नाही. तेथे षड्जावर मायनर उभारावा, तर तो आपल्याबरोबर पंचमाला मागच्या दाराने आत घेऊन येतो. (मध्यमावरचा मायनर तेवढा चालतो: म, कोमल ध आणि सा, तिघेही हक्कदार.) अशा हरकतींची फाइल फुगत असता एके संध्याकाळी मी तंबोरा जुळवीत बसलो होतो आणि खर्जाच्या तारेतून तो स्वयंभू गांधार ऐकू आला, जो कोणी छेडलेला नसतो आणि तरी असतो. पंचमाची तार शेजारी होतीच. म्हणजे सा, ग आणि प हे तिघे पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच घरात, विनापरवाना, एकत्र नांदत होते! तंबोऱ्याचा गांधार पेटीच्या गांधाराहून किंचित उतरलेला असतो हे खरे, आणि पेटीच्या अशाच ठरीव, मींड न जाणणाऱ्या स्वरांपायी आकाशवाणीने १९४० साली तिला हद्दपार केले व १९७१ पर्यंत आत घेतले नाही हेही खरे. परंतु पुढचा दाखला त्याहून जुना निघाला. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात नऊ व तेरा श्रुतींच्या अंतरावरचे स्वर परस्परांचे संवादी ठरविले आहेत. त्या हिशेबाने षड्जाचे संवादी मध्यम आणि पंचम, आणि गुरूचे तीन मेजर कॉर्ड उभे आहेत ते नेमके सा, म, प यांच्याच जमिनीवर.

हा शोध मी गुरूपुढे सविस्तर, कलमवार मांडला. त्याने तो पूर्ण ऐकून घेतला, ही त्याची सभ्यता. नंतर म्हणाला, “हे सारं ठीक आहे काकाजी, पन तुमी कॉर्ड बदलेपावेतो गानं सरते.” आणि गाणारीचा आवाज चढला म्हणून आपण सगळे कॉर्ड पांढरी एकवरून काळी दोनवर कसे नेतो, तेही त्याने दाखविले: कॅसिओचे एक बटण दाबून. बाराही पट्ट्यांची सरसकट बदली, आणि ना आदेश, ना रुजू होण्याची मुदत!

भाऊबीजेनंतर तो कंपनीबरोबर निघून गेला. त्याचे नाटक जवळच्या खेड्यात लागले, तेव्हा मी मुद्दाम पुढची जागा पटकावली आणि त्याच्या डाव्या हातावर नजर रोखून बसलो. तिसऱ्या अंकात नायिकेने अखेरचा श्वास घ्यावयास आरंभ केला, सारा मंडप चिडीचूप झाला, कायद्याप्रमाणे मायनर यावा तेथे त्याने मेजर धरल्यासारखे वाटल्यामुळे पडताळणीसाठी मी पट्ट्या मोजू लागलो आणि ती मोजणी, मला भान नसताना, मोठ्याने झाली: “चार... तीन.” शेजारच्या गृहस्थाने कांबळ्यातून मान बाहेर काढली, इकडेतिकडे पाहिले आणि माझ्या कानाशी लागून विचारले, “काकाजी, चार ओपन का क्लोज?”