निघतंय की!

सोलापुरात आमच्या पूर्व भागातल्या गल्लीत अण्णांना बोलवावं लागत नाही. काहीतरी अडकावं लागतं. कपाटाचा कप्पा, लोणच्याच्या बरणीचं झाकण, सुनेच्या बोटातली अंगठी, एकदा तर मांडवाच्या दोरीत गुरफटलेला वरातीचा घोडा. वस्तू अडकली की पाचव्या मिनिटाला अण्णा हजर. पहिलं वाक्य ठरलेलं, "निघतंय की!" आणि दुसरं, "सरका बाजूला."

अण्णांची उभी हयात चादरीच्या कारखान्यात गेली. सुरुवातीची दोन वर्षं रंगखान्यात, मग मागावर जॉबर. धोटा अडकला, माग बंद पडला, की चारी बाजूंनी "अण्णाऽ" अशी हाक. त्यांचे आजोबा जुन्या गिरणीत होते. १८७७ साली सुरू झालेल्या त्या गिरणीचा उल्लेख अण्णा घरच्या शेतासारखा करतात. वयानं माग सुटला, पण सोडवायची खोड काही सुटली नाही. धडधाकट चालणाऱ्या वस्तूकडे ते बघतही नाहीत. नवा मिक्सर दाखवला तर "बरं हाय" एवढंच. तोच मिक्सर घुर्र करून थांबला, की अण्णांच्या डोळ्यांत गड्ड्याच्या जत्रेची रोषणाई.

गेल्या मे महिन्यात माझी पाळी आली. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याची सायकल माझ्या वाट्याला आली. माझा साखरेचा आकडा बघून डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलंच होतं. अडचण एकच. मुलगा सहा फुटी आणि मी त्याच्या खांद्याला. सीटवर चढलो की पाय हवेत आणि जीव टांगणीला. सीट खाली घ्यावी म्हणून बोल्ट सैल केला, तर सीटचा दांडा जागचा हलेना. ओढला, पिळला, विनवला. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यानं दोनदा ठोकून बघितलं आणि नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात तशा आवाजात म्हणाला, "कापावं लागंल."

परतताना अण्णांनी ओट्यावरून बघितलंच.

"काय ओ सर, सायकल असून चालत निघालाव?"

"दांडा अडकलाय."

अण्णा धोतर सावरत उठले. "निघतंय की! सरका बाजूला."

त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं. (हा माणूस लोहचुंबक खिशात घेऊन फिरतो.) ते फ्रेमला चिकटलं, दांड्याला चिकटेना. "बघा. भायेर लोखंड, आत ॲल्युमिनियम, मधी पोराच्या घामाचं मीठ. किती वर्षं हलवलं न्हाई?"

"तीन."

"ग्रीस?"

मी मान खाली घातली.

"ॲल्युमिनियमचा गंज जागा जास्त खातोय. फुगतंय आणि धरतंय. घरजावई झालाय ह्यो. आता हाकलून जायचा न्हाई, युक्तीनं काढायचा."

पहिल्या दिवशी फटीत पातळ तेल सोडलं. दुसऱ्या दिवशीही तेलच. तिसऱ्या दिवशी गल्लीचा धीर संपला आणि मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी अशा चार भाषांत सल्ले सुरू झाले. "तापवा!" यावर मात्र चारही भाषांचं एकमत झालं. अण्णांनी बायकोच्या पातेल्यातलं उकळतं पाणी दांड्यावर ओतलं. दांडा आणखी घट्ट.

मी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलेलं. हळूच म्हणालो, "अण्णा, उष्णतेनं ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. त्याला गार करायला हवं."

"मग आधी का न्हाई सांगितलाव?"

"तुम्ही सरका बाजूला म्हणालात."

अण्णांनी हे शास्त्र पचवायला एक विडी घेतली. मग सरबताच्या गाड्यावरून बर्फ आला. बेचाळीस अंशांच्या उन्हात, सोलापुरी टॉवेलात बर्फ बांधून, तापकरी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा अण्णांनी तो दांड्याला लावला. दांडा आकसला असेल तो केसाच्या जाडीहूनही कमी. पण फटीत तेल आत सरकताना दिसलं, आणि अण्णांनी माझ्याकडे प्रथमच सहकाऱ्यासारखं बघितलं.

एवढ्यात शेजारचा पोरगा म्हणाला, "रंगखान्यातनं कॉस्टिक आणू का? ॲल्युमिनियम विरघळून जातंय म्हणं."

तेव्हा मी अण्णांना पहिल्यांदा नाही म्हणताना ऐकलं. "कॉस्टिक ॲल्युमिनियम खातंय, तसं डोळे पण खातंय. म्या बघितलंय." पुढे ते काही बोलले नाहीत. पोरगाही नाही.

चौथ्या दिवशी वरात ग्रिलवाल्याच्या दुकानात. वरची सीट काढली, सायकल उलटी केली आणि दांडा शिकंज्यात आवळला. मी दांडा पिळायला पाना शोधू लागलो. अण्णा हसले. "दांडा फिरवायचा न्हाई सर. सायकल फिरवायची." एवढी मोठी फ्रेम म्हणजे केवढा लांब पाना, हे पस्तीस वर्षं तरफ शिकवून मला सुचलं नव्हतं.

एका बाजूनं अण्णा, दुसऱ्या बाजूनं मी, घाण्याच्या बैलांसारखे जोर लावू लागलो. काही नाही. पुन्हा. काही नाही. आणि मग 'कर्र' असा आवाज झाला, की ग्रिलवाल्याचं कुत्रं रस्त्यापलीकडे गेलं. फ्रेम बोटभर फिरली. मग इकडे बोटभर, तिकडे बोटभर, थोडं तेल, पुन्हा बोटभर. पाऊण तासानं पांढऱ्या पिठानं माखलेला दांडा शिकंज्यात एकटा उभा, आणि सायकल आमच्या हातात.

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. तेलवाला म्हणाला तेलानं निघालं, सरबतवाला म्हणाला बर्फानं, ज्यानं तापवायला सांगितलं होतं तोही छाती काढून उभा. अण्णा तेवढे गप्प होते. त्यांनी दांडा उलटसुलट करून बघितला आणि पुटपुटले, "एवढंच व्हतं व्हय."

मग पॉलिश पेपरनं घासून, ग्रीस लावून, दांडा माझ्या उंचीला बसवून दिला. पैशांचं नाव काढल्यावर रागावले. चहा मात्र अर्धाच प्याले. जाताना बजावलं, "दर तीन महिन्याला काढून ग्रीस लावा. न्हाईतर परत धरंल."

मी ते पथ्य पाळतो. रोज सकाळी त्यांच्या ओट्यासमोरून सायकलनं जातो. काल अण्णांनी हाक मारली.

"सीट हलतंय का ओ, सर?"

"हलतंय की, अण्णा! लोण्यासारखं."

"बरं झालं," अण्णा म्हणाले. आवाज मात्र दुखवट्याला आल्यासारखा होता.