चौथी की पाचवी?

"ऐकलंस का?" असं विचारलं की धाकटा म्हणतो, "ऐकलं." आणि ते खोटं नसतं. आवाज कानात शिरलेला असतो, पाय तेवढे जागचे हललेले नसतात. कानाचं काम आणि सांगितलेलं करणं, या दोन्हींसाठी मराठीनं एकच शब्द ठेवून आयांची मोठीच पंचाईत केली आहे. धाकटा पाच वर्षांचा आहे. ही पळवाट त्याला कोणी दाखवावी लागली नाही.

आज्ञांचा तुटवडा म्हणाल तर आमच्या घरात मुळीच नाही. दगडी पाट्यांवरच्या दहा आहेतच, वर माझ्या रोजच्या चाळीसेक. शिवाय माझं माहेर वसईचं कॅथलिक आणि सासर नगरचं प्रोटेस्टंट. आईबापांचा मान राखावा ही आज्ञा माहेरी चौथी आणि सासरी पाचवी. मूर्तींबद्दलची आज्ञा सासरचे वेगळी मोजतात. माहेरचे ती पहिलीतच धरतात आणि शेवटच्या लोभाच्या दोन करून दहा भरतात. मधले आकडे त्यामुळे एकेक घर सरकतात. परवा अंथरुणाची घडी न घालताच थोरली निघाली, तेव्हा सासूबाईंनी तिला दारात अडवलं. "पाचवी आज्ञा काय सांगते गं?" थोरलीनं वसईच्या आजोबांच्या हिशेबानं शांतपणे उत्तर दिलं, "खून करू नको," आणि ती खेळायला गेली. खरं सांगते, त्या घटकेला मलाही तीच आज्ञा जास्त गरजेची वाटली.

चर्चच्या महिला मंडळात अशा वेळी सुझाना वेस्लीचं नाव हमखास निघतं. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची ही आई. इंग्लंडातल्या एपवर्थ गावच्या पाळकाची बायको. एकोणीस मुलं झाली, त्यातली दहा जगली. मुलं कशी वाढवली ते तिनं १७३२ साली जॉनला पत्रात लिहून कळवलं. मूल वर्षाचं झालं की त्याला छडीचा धाक आणि हळू आवाजात रडणं शिकवायचं, हा तिचा शिरस्ता. (आमचा धाकटा रडतो ते खालच्या मजल्यावर ऐकू जातं. दोन्ही अर्थांनी नव्हे, पहिल्याच.) घरात निवांत जागा नसल्यामुळे ती डोक्यावर एप्रन ओढून प्रार्थनेला बसायची आणि मग पोरं तिच्या वाटेला जात नसत, अशी गोष्ट सांगतात. मीही करून पाहिलं. एप्रन नव्हता, ओढणी घेतली. अर्ध्या मिनिटात ओढणीचं टोक वर झालं आणि आत एक तोंड आलं. "मम्मी, लपाछपी? मी पण येऊ?" सुझानाबाईंपुढे मी हात टेकले.

मला जवळचा वाटतो तो येशूचा दोन मुलांचा दृष्टांत. बाप दोघांना द्राक्षमळ्यात कामाला जा म्हणतो. एक आधी नाही म्हणतो, मग पस्तावून जातो. दुसरा "जातो" म्हणतो आणि जात नाही. ही दोन्ही मुलं सध्या माझ्याकडे राहतात. थोरली "हो मम्मी" इतकं गोड म्हणते की पाळकीणबाई हरखून जातात, आणि पाण्याच्या बाटल्या रिकाम्याच राहतात. धाकटा आधी "नाही" म्हणून पाय आपटतो, आणि दहा मिनिटांनी अर्ध्या बाटल्या भरतो, अर्ध्या फरशीवर ओततो. बापाच्या इच्छेप्रमाणे कोण वागला, असं येशूनं विचारलं. प्रश्न रास्तच आहे. पण त्या दृष्टांतात आई नाही. असती तर दोघांचं वाद घालून होईस्तोवर मळ्यातलं काम तिनंच उरकलं असतं.

रविवारी नऊची उपासना. आठपासून मी "चपला घाल" म्हणत होते. धाकटा मागेमागे "मम्मी, ऐक ना" म्हणत होता. "ऐकतेय," मी कणीक मळता मळता म्हटलं. पाऊण तासानं त्याचा बाप गरजला, तेव्हा कळलं की एक चप्पल हरवली आहे आणि तो बिचारा सकाळपासून तेच सांगत होता. शेवटी तो बहिणीच्या जुन्या गुलाबी सॅंडलमध्ये चर्चला आला. आम्ही पोचलो तेव्हा दुसरं गीत चाललं होतं.

चप्पल अजून सापडलेली नाही.