मेव्हण्याची पैज

सामन्याच्या रात्री लोकल उल्हासनगरहून अंबरनाथ ओलांडून बदलापूरला पोचेपर्यंत सट्ट्याचा भाव दोनदा पालटतो. बुकीला अनोळखी पंटरची धास्ती. न जाणो, साध्या वेशातला पोलीस निघाला तर? म्हणून तो शेजारी, मित्र, मेव्हण्याचीच पैज घेतो. तीही उधारीवर!

आणि इथेच फसतो. 1872च्या करार कायद्याचं कलम 30 सांगतं, पैजेचा करार निरर्थक. वसुलीचा दावा चालत नाही. मुंबई इलाख्यात तर 1865पासूनच पैजेच्या अनुषंगाने केलेले करारही बाद. पोलिसांत जावं, तर 1887चा जुगारबंदी कायदा त्याचीच वाट पाहत बसलेला.

जिंकलेला मेव्हणा पहाटे दारात हजर. हरलेल्याचा फोन महिनाभर बंद.

भाऊबीजेला मात्र तो बहिणीच्या ताटात ऐटीत पाचशेची नोट टाकतो. नोट बुकीचीच असते.