टक्केसाहेब

महामार्ग ज्या जिल्ह्यातून जातो, तिथल्या कोर्टात एक तरी टक्केसाहेब असतातच. आमचे साताऱ्यात आहेत. खंबाटकीच्या वळणावर ट्रक कलंडला की त्याची फाइल यथावकाश त्यांच्या टेबलावर येते. मणका मोडलेले, पाय गेलेले, डोक्याला मार लागून वाचा हरवलेले, अशांचेच भरपाईचे दावे ते चालवतात. अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्का हा त्यांचा श्वास, म्हणून हे नाव. बाररूममधले काही जण नावाचा संबंध त्यांच्या फीशी जोडतात. पण तशी फी ठरवायला बार कौन्सिलची मनाई आहे, तेव्हा आपण गप्प बसलेलं बरं.

माणूस भेटला की साहेब आधी वय विचारतात. २००९ साली सरला वर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने वयानुसार गुणकांचा तक्ता घालून दिला: वर्षाची बुडालेली कमाई गुणिले गुणक. तो तक्ता साहेबांना शुभंकरोतीसारखा पाठ. नवरदेव सव्विसाचा आहे असं कळल्यावर "सतरा! उत्तम!" म्हणत ते अक्षता टाकतात. बाररूममधल्या एका मित्राला एक्कावन्न वर्षं पूर्ण झाली, तेव्हा त्याचा पेढा हातात धरून हळहळले, "काल तेरा होतास रे, आज एकदम अकरा. मधला बारा तक्त्यात नाहीच!"

हेच साहेब पूर्वी पलीकडे होते. सीनियरच्या हाताखाली वाटपाचे दावे, मग एका विमा कंपनीचं पॅनेल. तिथे त्यांची उलटतपासणी गाजली. पडून राहिलेल्या गवंड्याला ते मऊ आवाजात विचारायचे, "दादा, चहा पिता ना?" "पितो." "कप कोण धरतं?" "मीच." एवढ्यावर साहेब खाली बसायचे आणि शंभर टक्क्यांचे साठ व्हायचे.

मग अलीकडे का आले? ज्युनियरांना ते सांगतात, एका बाईचं रडणं ऐकवेना. कँटीनवाला सांगतो, कंपनीने त्यांचं फीचं बिल वर्षानुवर्षं अडवलं आणि शेवटी निम्मं कापलं. मला कँटीनवाल्याचं जास्त पटतं. पण ती बाईही खोटी नसावी.

आता तोच गवंडी त्यांचा पक्षकार. २०१० च्या राजकुमार निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, शरीर किती टक्के गेलं एवढंच बघू नका, कमाई किती गेली ते बघा. डावा हात गेलेला सुतार आणि डावा हात गेलेला कारकून यांना एका मापाने मोजू नका. साहेबांनी तो निकाल इतक्यांदा वाचलाय की ते उभे राहिले की न्यायाधीश मान वर न करता म्हणतात, "सुतार ना? माहितेय."

कमाईचा पुरावा मात्र कुणाकडेच नसतो. मग साहेब पक्षकाराच्या घरी जाऊन पत्र्याच्या पेट्या उपसायला लावतात. डेअरीच्या स्लिपा, कारखान्याचं ऊसबिल, मुकादमाची वही, काहीही चालतं. दाखला सिद्ध करायला हाडांचे डॉक्टर हवे असतात, आणि साक्ष म्हटलं की त्यांचा फोन लागत नाही. साहेब केसपेपर काढून दवाखान्याच्या रांगेत बसतात. "कुठं दुखतंय?" असं डॉक्टरांनी विचारलं की खिशातून समन्स काढतात.

एका दाव्यात कंपनीच्या वकिलाने, म्हणजे साहेबांच्याच जुन्या ज्युनियरने, मुद्दा काढला: सेवा बायकोच करते, मग मदतनिसाचे पैसे कशाला? साहेबांनी फेरतपासणी मागितली.

"ताई, रात्री उठावं लागतं?"

"दर दोन तासानं. कुशीवर वळवाय लागतं, न्हाईतर पाठीला जखमा हुत्यात."

"मग झोपता कधी?"

बाईने जरा आठवलं. "तारखेला. नणंद येती घरी. मी यष्टीत झोपते."

साहेबांनी पुढचा प्रश्न गिळला आणि २०२० चा काजल निकाल पुढे केला. त्यात बारा वर्षांच्या मुलीच्या मदतनिसांच्या खर्चालाही सुप्रीम कोर्टाने गुणक लावलाय. समोरचा ज्युनियर बराच वेळ फाइलची दोरी बांधत होता.

निकाल लागला तरी सगळी रक्कम हातात पडत नाही. न्यायाधिकरण मोठा हिस्सा बँकेत मुदत ठेवीत अडकवतं. मग पक्षकाराचा मेहुणा उगवतो. "साहेब, ठेव मोडायचा अर्ज टाका. ट्रॅक्टर घ्यायचा म्हणतोय."

कंपनीशी भांडून दमलेले साहेब मग स्वतःच्याच पक्षकाराच्या पाव्हण्याशी भांडायला उभे राहतात. "ट्रॅक्टर रात्री दोनला उठून तुझ्या दाजींना वळवणार आहे का?"

"भाड्यानं लावू की. पैसं येत्याल."

"तुझ्याकडं येतील. अर्ज टाकणार नाही."

"मग दुसरा वकील बघतो."

"बघ," साहेब म्हणाले, "पण फाइल नेताना झेरॉक्सचे पैसे देऊन जा. आणि पूर्ण दे. कापू नको."