ट्रकवाले माउली

आषाढी वारीला पायी निघालेल्या प्रत्येक दिंडीत एक माणूस पायी जात नाही. विणेकरी, पखवाजी, टाळकरी, पताकावाले, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, सगळ्यांची जागा परंपरेने ठरलेली असते. याची जागा ड्रायव्हरच्या डाव्या हाताला. दिंडीचं सामान वाहणाऱ्या ट्रकचा हा कारभारी. त्याला पद नाही, बिल्ला नाही. छापील पत्रिकेत नाव आलंच तर ‘विशेष सहकार्य’ या ओळीत, मंडपवाल्याच्या खाली. वारीत जो तो दुसऱ्याला माउलीच म्हणतो, तेव्हा घोटाळा नको म्हणून याला ‘ट्रकवाले माउली’ म्हणतात.

हा नमुना जवळून पाहायला गेवराई तालुक्यासारखी जागा नाही. मुक्ताईनगरहून निघालेली संत मुक्ताबाईंची पालखी बुलढाणा आणि जालना जिल्हे ओलांडून शहागडच्या पुलावरून गोदावरी पार करते आणि गेवराईत शिरते. पुढे बीडला मुक्ताईची तिच्या आजोबांशी, गोविंदपंतांशी, भेट व्हायची असते. त्याआधी गोदेचं स्नान आणि गेवराईचा पाहुणचार. वाट धुळे-सोलापूर महामार्गाची. पालखीच्या मागेपुढे गावोगावच्या छोट्या दिंड्या, आणि प्रत्येक दिंडीच्या पुढे धावणारा तिचा एक ट्रक, आयशर किंवा निदान छोटा हत्ती. पूर्वी हे काम बैलगाडी करायची. बैल मात्र वारकऱ्यांच्याच चालीने चालत, त्यामुळे गाडीवानाला आपण मुक्कामाचे मालक आहोत असं वाटायला वेळच मिळत नसे. ट्रक दोन तास आधी पोचतो. ट्रकवाल्या माउलींचा स्वभाव या दोन तासांत घडलेला आहे.

वय साधारण साठीच्या अलीकडे-पलीकडे. अंगात खिशाची बंडी, गळ्यात तुळशीची माळ आणि त्याच गळ्यात दुसऱ्या दोरीला किल्ल्या, शिट्टी आणि टॉर्च. पूर्वायुष्यात तो एसटीत कंडक्टर असतो, नाहीतर सोसायटीचा चेअरमन; गेवराईकडचा असेल तर ऊसतोडीचा मुकादम असण्याची शक्यता मोठी. या तालुक्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला हजारो कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. पाल, पत्रे, चूल, ज्वारीची पोती, शेळी, कोंबड्या आणि वर लेकरं हे सगळं एका ट्रकमध्ये बसवायची विद्या इथे कुणी शाळेत शिकवत नाही, पण ती येत नाही असा माणूस सापडायचा नाही. या विद्येचा एकुलता सुखाचा उपयोग म्हणजे वारी.

ट्रक भरण्याबाबत या मंडळींत दोन पंथ आहेत. राहुट्या वर ठेवाव्यात असं पहिला पंथ मानतो, कारण पाऊस आला तर आधी डोक्यावर कापड हवं. भांडी वर ठेवावीत असं दुसरा मानतो, कारण माणसं चालून आली की आधी चहा मागतात. दोन्ही पंथांचे लोक एकाच दिंडीत असले की पहाटे तीन वाजता, काकड्याच्याही आधी, ट्रकच्या फाळक्याशी जो वाद रंगतो तो शैव-वैष्णवांनाही जमला नसता. निर्णय कसाही लागो, मुक्कामाला जे हवं असतं ते सगळ्यांत खाली गेलेलं असतं. त्यावर जनरेटर, जनरेटरवर सतरंज्यांचा गठ्ठा, गठ्ठ्यावर परात, परातीत खुंट्यांचं पोतं आणि पोत्यावर झोपलेला क्लीनर.

वारकऱ्यांच्या पिशव्या हा स्वतंत्र विषय आहे. गेवराई हा कापसाचा पट्टा. गावातल्या निम्म्या लोकांनी एकाच कृषी सेवा केंद्रातून बियाणं आणि खत घेतलेलं असतं आणि त्यासोबत मिळालेली एकाच रंगाची पिशवी वारीसाठी जपून ठेवलेली असते. परिणामी ट्रकमध्ये चाळीस हिरव्या पिशव्या एकाच कपाशीच्या बोंडाचं चित्र घेऊन बसतात. ओळखीसाठी कुणी लाल दोरा बांधतो, कुणी साडीची चिंधी. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनीच लाल दोरा बांधलेला असतो. एरवी कुणाचं ऐकून न घेणारा हा माणूस इथे मात्र थक्क करतो. रात्री साडेनऊला एखादी म्हातारी येऊन उभी राहते.

‘‘माउली, गोळ्या पिशवीत ऱ्हायल्या.’’

‘‘कसल्या?’’

‘‘बीपीच्या.’’

‘‘सकाळी भरताना म्या इचारलं व्हतं का नव्हतं? ज्याचं त्याचं औषध ज्याच्या त्याच्यापाशी!’’

असं ओरडतच तो टॉर्च दातांत धरून फाळक्यावर चढलेला असतो. चाळीसांतली नेमकी तीच पिशवी तिसऱ्या हाताला निघते. कशी, हे त्याने कुणाला सांगितलेलं नाही. जवळून पाहिल्यास दिसतं की तो पिशव्या बघत नाही, हुंगतो. एकीला निलगिरीचा वास, एकीला तंबाखूचा, एकीला लसणाच्या चटणीचा. म्हातारीची झंडू बामवाली.

मुक्कामाची जागा निवडताना त्याचा खरा रुबाब दिसतो. तळ नदीच्या जवळ हवा, पण इतका नको की रात्री वरून पाणी सुटलं तर पळावं लागेल. वर पैठणला १९७६ साली पुरं झालेलं जायकवाडी धरण आहे. त्यामुळे इथल्या गोदावरीला पाणी असणं-नसणं पावसापेक्षा दरवाजांवर अवलंबून. ज्येष्ठात पात्र बहुधा कोरडंच असतं, डबकी आणि वाळू उपशाचे खड्डे तेवढे असतात. ‘‘अंघोळीला तिकडं जायचं न्हाई, खड्डा हाय’’ हे वाक्य तो शिट्टीसकट दर दहा मिनिटांनी म्हणतो. मग लिंबाची सावली कुणाला, कीर्तनाच्या मंडपातला भोंगा कुणाच्या कानाशी, टँकर कुठून वळेल, वारा कुठला, म्हणजे शेगडी कुठे, याचा हिशेब. शेजारच्या दिंडीचाही असाच एक माउली हाच हिशेब मांडत उभा असतो. दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि मग एका लिंबावरून अर्धा तास भांडतात.

सामान आणि नदी यांचं गणित या तालुक्यात पूर्वीही चुकलेलं आहे. गोदेकाठचं राक्षसभुवन लोकांना शनीच्या देवळामुळे माहीत आहे, पण १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली. निजामअली फौजेचा एक भाग घेऊन नदीपार झाला होता आणि उरलेल्या फौजेसह त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडच्या काठावर राहिला होता. अठरा वर्षांच्या माधवरावांनी तिथे डाव साधला. विठ्ठल सुंदर मारला गेला. इतिहासकार याची कारणं राजकारणात शोधतात. ट्रकवाल्या माउलींना विचारलं तर ते सांगतील की गाड्या एका काठाला आणि मालक दुसऱ्या काठाला असले की असंच व्हायचं; म्हणून शहागडचा पूल दिंडीच्या आधी ओलांडायचा आणि अलीकडे चहाला थांबायचं नाही.

जागा ठरली की ट्रक मागे घेण्याचा विधी. ड्रायव्हर हा त्याचा जन्माचा प्रतिस्पर्धी. ‘‘येऊ दे, येऊ दे, येऊ दे, येऊ दे’’ एका लयीत चालतं आणि ‘‘बास!’’ हा शब्द मागची बाजू बाभळीला टेकल्यावर येतो. मृगाची एखादी सर आधी पडून गेली असली तर प्रकरण वाढतं. काळी माती कोरडी असते तेव्हा फरशीसारखी, भिजली की चाक गिळते. रुतलेल्या ट्रकभोवती मग सगळा तळ जमतो. गोणपाट टाका, पाचट टाका, दगड लावा, रिव्हर्स मारा. भजनात ज्यांचा आवाज कधी निघत नाही तेही इथे वरच्या पट्टीत सूचना करतात. शेवटी गावातला कुणी ट्रॅक्टर घेऊन येतो, साखळी लावतो, ट्रक बाहेर ओढतो आणि पैसे विचारले तर कानाला हात लावतो. माउली त्याच्या पाया पडतात, आणि ट्रॅक्टर दिसेनासा झाल्यावर सांगतात की थोडं थांबला असता तर ट्रक आपला आपणच निघत होता.

परदेशात घरगाड्या घेऊन फिरणाऱ्यांचे क्लब आहेत. ब्रिटनचा कॅरॅव्हान क्लब १९०७ सालचा. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. त्या क्लबांच्या मेळाव्यांतही कुणाची गाडी कुठे लागेल, पाण्याचा नळ कुणाजवळ आणि विजेची तार कुणापर्यंत हे ठरवणारा एक गृहस्थ असतोच. फरक एवढाच की तिथे प्रत्येक जण आपल्या घरासकट येतो. इथे शंभर जणांचा संसार एका फाळक्याआड आणि त्याची किल्ली एका गळ्यात. विजेचा प्रश्न मात्र सारखाच. जनरेटर सुरू झाला की लाकडी फळीवर ठोकलेल्या बोर्डाभोवती मोबाइलची पंगत बसते. त्या फळीवर माउलींचा फोन कायम पहिला.

तक्रार मांडायची सोय त्याला नाही. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या सोहळ्यात संध्याकाळी समाजआरती होते. चोपदाराने चोप उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते आणि तिचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं जातं. ट्रकवाल्या माउलींच्या हातात टाळ नाही. ते पातेलं आपटतात. ‘यंदाचं शेवटचं वर्ष, पुढल्या साली दुसरा माणूस बघा’ हे त्यांचं वार्षिक गाऱ्हाणं साधारण गेवराई मुक्कामीच बाहेर पडतं, कारण वाट इथवर बरीच सरलेली असते आणि अंगात चिडण्याइतकी ताकद उरलेली असते. दिंडीचालक ऐकून घेतो, पंगतीत त्याला शिऱ्याचा दुसरा डाव वाढायला सांगतो, प्रकरण मिटतं.

‘माउली, तुमची वारी डिझेलवर’ हा टोमणा त्याला रोज ऐकावा लागतो. वास्तविक तो चालतोही पुष्कळ: टँकर शोधत, गॅसची टाकी मिळवत, चुकलेल्या म्हाताऱ्याला हुडकत, एकाच तळाला वीस प्रदक्षिणा. पण ते अंतर पंढरपूरच्या दिशेने नसल्यामुळे धरलं जात नाही. रिंगण त्याने पाहिलेलं नसतं; त्या वेळी तो राहुटीभोवती पावसाच्या पाण्यासाठी चर खणत असतो. कीर्तन त्याला शेगडीपाशी ऐकू येतं तेवढं. मात्र प्रत्येक गावात पाणी कुणाच्या विहिरीचं गोड, कुठल्या शाळेचे हेडमास्तर व्हरांडा उघडतात आणि कुठल्या पंपावर उधारी चालते हे त्याला तोंडपाठ असतं.

पंढरपुरात पोचल्यावर भीमेकाठच्या पासष्ट एकरांत राहुटीसाठी प्लॉट मिळवायचा असतो, तिथेही पुढे तोच. दिंडी नाचत गावात शिरते तेव्हा तो पार्किंगच्या पावतीसाठी रांगेत असतो. दर्शनाची रांग त्याला परवडत नाही, कारण ट्रकपाशी कुणीतरी हवं. कळसाला हात जोडतो, म्हातारीच्या पिशवीतला बुक्का कुणीतरी आणून कपाळाला लावतो. परतीला सगळे ट्रकमध्येच बसतात, आणि महिनाभर टोमणे मारणाऱ्यांना पहिल्यांदा कळतं की मागे धक्के किती बसतात.

गावी आल्यावर राहुट्या उन्हात वाळवून, उंदरांनी कुरतडलेल्या जागी ठिगळं लावून देवळाच्या माडीवर जातात. एक हिरवी पिशवी दरसाल उरते. तिच्यावर हक्क सांगायला दोन जण येतात किंवा कुणीच येत नाही. मग भिशीचा, म्हणजे दिंडीच्या वर्गणीचा, हिशेब. डिझेल, गॅस, पीठ, साखर, पंक्चर यांची बिलं तो पत्र्याच्या पेटीतून एकेक काढून वाचतो आणि शेवटी ‘किरकोळ’ या नावाखाली एक आकडा सांगतो. गळ्यातली किल्ल्यांची दोरी तो त्या बैठकीतही काढत नाही, आणि किरकोळ म्हणजे काय हे कुणी विचारत नाही.